थेरपीचे वार

थेरपीचे पैसे जड जायला लागले की पालक आधी वार कमी करतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार येणारं मूल नुसतं शनिवारी येऊ लागतं. पवईत लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करताना घराघरातली ओढाताण मला अशी वेळापत्रकाच्या वहीतूनच कळत आली आहे. हिरानंदानीच्या उंच इमारतींतली मुलं माझ्याकडे येतात, तशी फुलेनगर, मोरारजीनगरच्या वस्त्यांतली आणि चांदिवलीचीही येतात.

सरकारी मदत वाढलेली आहे, हे खरं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीही धरली आहे. पण तिथे पैसे आधी घरातून भरायचे, बिलं जोडायची आणि मग वाट पाहायची. ज्या आईकडे आज द्यायलाच पैसे नाहीत, तिच्या मुलाची थेरपी त्या विम्यानं सुरू होत नाही. नोकरदारांना प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत 75 हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही.

मग स्वस्त जागा शोधली जाते. माझी खरी भीती इथे सुरू होते.

सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा माझ्याकडे येत असे. बोलता येत नाही, उभंही राहता येत नाही. फी झेपेना म्हणून घरच्यांनी त्याला निम्म्या पैशांत थेरपी करणाऱ्या एका केंद्रात नेलं. त्यांना दोष देणं मला कधीच जमलं नाही. तिथे आईला दाराबाहेर बसवत. आत एक मुलगी त्याचे आखडलेले गुडघे जोर लावून सरळ करायची. जी मुलं पायांवर भार देत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. असा पाय किती ताणायचा, कुठे थांबायचं, हे वर्षानुवर्षं शिकावं लागतं. मुलगा किंचाळला तेव्हा बाहेर निरोप आला, ‘थेरपीत रडतातच मुलं.’ रात्री मांडी सुजली, एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं.

महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. हे त्या आईला कोणी सांगितलंच नव्हतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी, यूडीआयडी ओळखपत्रासाठी ती किती खिडक्यांवर उभी राहिली, पण मुलाला हात लावणाऱ्याचं शिक्षण विचारा, असं एकाही खिडकीवर कोणी म्हणालं नाही. अनुदानाचे पैसे खात्यात जमा झाले की व्यवस्थेचं काम संपतं. घरात त्या पैशांतून आधी डायपर येतात, औषधं येतात, रिक्षाचं भाडं जातं. थेरपीसाठी उरतं ते स्वस्तातच बसवावं लागतं.

थेरपीचा पैसा नोंदणीकृत थेरपिस्टला परस्पर मिळायला हवा, आईला आधी भरायला लावून नव्हे. ज्या केंद्राला तो मिळेल तिथे पालकांना आत बसता आलंच पाहिजे. न बोलणाऱ्या मुलाच्या वतीनं ‘थांबा’ म्हणणारं कोणीतरी त्या खोलीत लागतं.

प्लास्टर निघाल्यावर तो मुलगा परत आला, पण पायाला नुसता हात लागला तरी अंग ताठ करायचा. बरेच दिवस आम्ही व्यायाम केलाच नाही. आई त्याला मांडीवर घेऊन बसायची, मी फक्त तळव्यांना तेल लावायचे. मग हळूहळू गुडघ्यापर्यंत. परवा माझ्याकडे नव्यानं रुजू झालेल्या मुलीला आईनं आधी नोंदणी क्रमांक विचारला, वहीत उतरवून घेतला आणि मगच मुलाला तिच्याकडे दिलं.