एक घर, तीन गुडघे

मैत्रिणींनो, चार बायका जमल्या आणि त्यांतली एक 'गुडघे दुखतात हो' म्हणाली, की लगेच दहा औषधं पुढे येतात. कुणी मेथ्या भिजवून खायला सांगते, कुणी तिळाच्या तेलानं चोळायला सांगते, एखादी तर पर्समधून गोळीच काढून देते. पण बाई गं, दुखतंय ते कशानं, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते आमच्याच घरात कळलं. सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी, तिघींचेही गुडघे दुखले. कारणं मात्र तीन निघाली.

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांचं दुखणं झिजेचं. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, मग उठताना गुडघा कटकट वाजतो, जिना नको वाटतो. सकाळचा ताठरपणा मात्र बहुधा अर्ध्या तासात मोकळा होतो. पाळी गेल्यावर बायकांत ही तक्रार वाढते. वजनाचाही वाटा मोठा असतो. वजन १ किलो उतरलं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो!

डॉक्टरांनी उकिडवं बसणं बंद सांगितलं, तशी विळी सुटली. सासूबाईंना ते फार लागलं. "आता मी काय नुसती बसून खाऊ?" म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात टेबल-खुर्ची आली, हाती सुरी आली. भाजी त्यांच्याकडेच राहिली आणि घरातला त्यांचा मानही. त्याच खुर्चीवर बसून त्या व्यायाम करतात. पाय सरळ करायचा, ५ अंक मोजायचे, हळूच खाली ठेवायचा. असं १० वेळा. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याला आधार मिळतो.

धाकटी जाऊ अवघी अडतीसची. तिचे गुडघे सुजले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "सासूचंच दुखणं आलंय, तेच तेल लाव." पण हिची सकाळी तास-दीड तास हाताची बोटंसुद्धा वळेनात. कणीक कशी तिंबायची, मुलांचे डबे कसे भरायचे? बिचारी मोरीत जाऊन रडायची. रक्त तपासल्यावर कळलं, की हा आमवात, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन-तीन पट अधिक आढळतो. औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. इथे तेल चोळत महिने घालवणं महागात पडलं असतं.

माझं दुखणं तिसरंच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एसटीतून उतरताना पाय जमिनीवर टेकला आणि अंग भलतीकडे वळलं. गुडघ्यात कळ आली, दुसऱ्या दिवशी टरटरून सूज. गुडघ्यात चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. वाकलेल्या गुडघ्यावर भार असताना पिळा बसला, तर त्या फाटू शकतात. मग गुडघा मध्येच अडकतो. ताज्या दुखापतीला चोळू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवावा, पाय उशीवर उंच घ्यावा. माझं व्यायामावर भागलं. काहींना शस्त्रक्रिया लागते.

आता सांगा, या तिघींना एकच तेल कसं पुरणार? आणि ती पर्समधली गोळी तर नकोच. वेदनाशामक गोळ्या मनानं घेत राहिलं, तर पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. रक्तदाब असेल तर अधिकच जपायला हवं. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा पायावर भारच देता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एरवी जाल तेव्हा किराणाच्या यादीमागे चार गोष्टी लिहून न्या: दुखणं कधी आणि कशानं सुरू झालं, सकाळी किती वेळ आखडतं, सूज येते का, गुडघा अडकतो का. आणि तिथे कुणी 'वय झालं' एवढंच म्हणालं, तर न लाजता विचारा, "पण याच गुडघ्याचं का? दुसराही त्याच वयाचा आहे की!"