अधिक आणि उणे

मी नसरापूरचा. आमचे गाव भोर तालुक्यात, आणि भोर हे १९४८ साली विलीन होईपर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. 'सचिव' म्हटले की आज मंत्रालय आठवते. परंतु या पदाच्या मूळ कामांत एक काम चक्क संपादकाचे होते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कर्तव्ये सांगणारा जो कानुजाबता प्रसिद्ध आहे, त्यानुसार सचिवाने राजपत्रे तपासून मजकुरातील अधिक-उणे शुद्ध करावयाचे असे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लेखन तपासताना मला 'अधिक' आणि 'उणे' यांची ही जोडी महत्त्वाची वाटते.

लेखनातील काटछाट शिकवताना आपण केवळ 'अधिक' पाहतो. 'सर्वांत श्रेष्ठतम', 'पुन्हा पुनर्विचार', 'सुमारे दहाच्या आसपास' यांसारखी द्विरुक्ती तशी निरुपद्रवी. तांबड्या शाईची एक रेघ तिला पुरते. खरा प्रश्न वेगळाच आहे. समजा, एखाद्या प्रबंधात वाक्य येते : 'मर्ढेकरांच्या कवितेने मराठी काव्यात क्रांती घडवून आणण्याचे कार्य केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.' 'घडवून आणण्याचे कार्य केले' याचे 'घडवली' करावे, शेपूट छाटावे. उरते ते 'मर्ढेकरांच्या कवितेने मराठी काव्यात क्रांती घडवली' एवढे विधान. आता ते उघडे पडते. क्रांती कशात? लयीत, प्रतिमेत, की कवीच्या जाणिवेत? आधार कोणत्या कवितांचा? जे अधिक होते त्याने उणे झाकले होते. 'निर्णय घेण्यात आला आहे' या कार्यालयीन वाक्यातही हेच घडते. तेथे निर्णय घेणाराच झाकला जातो.

याचा अर्थ प्रत्येक जादा पद छाटावे असा नव्हे. 'कागदपत्र', 'धनदौलत' या शब्दांत तर्कदृष्ट्या एक पद जास्त आहे. पण 'कागद' आणि 'दौलत' फारसीतून आले, 'पत्र' आणि 'धन' संस्कृतातून. दोन भाषा शेजारी नांदल्याची ती खूण आहे, आणि तिच्याआड कोणी लपलेले नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना शब्दसंख्या मोजायला सांगत नाही. शब्द काढल्यावर लेखकावर नवी जबाबदारी येते का, एवढे पाहावे. येत असेल, तर तो शब्द भाषेची सवय म्हणून आलेला नव्हता. तो पुरावा टाळण्यासाठी आला होता. अशा ठिकाणी छाटणी हे निम्मेच काम होय. उरलेले निम्मे काम म्हणजे पुन्हा कवितेकडे जाऊन ती वाचणे. आणि ते मार्गदर्शकाने नव्हे, लिहिणाऱ्यानेच करावयाचे असते.