खंदकाच्या बाहेर

"मावशी, सैनिक खंदकात लपून बसले होते ना? मग इतकी माणसं मेली कशी?" भिलाईत आमच्या शेजारी राहणाऱ्या शाळकरी मुलीने इतिहासाच्या पुस्तकातून डोकं वर काढून मला विचारलं. प्रश्न साधा होता, पण अगदी नेमका होता.

खंदकात बसून कुणी लढाई जिंकत नाही. कधी ना कधी बाहेर पडावंच लागतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये दोन्ही सैन्यांनी समोरासमोर खंदक खणले होते. मधला पट्टा कुठे दोन-तीनशे मीटरचा, तर कुठे अगदी हाकेच्या अंतराचा. त्यात काटेरी तारांची जाळी, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे आणि चिखल. दिवसा डोकं वर काढलं की गोळी यायची. म्हणून तारा कापायला, टेहळणी करायला रात्री सरपटत जायचं. प्रकाशाचा गोळा आकाशात उडाला की श्वास रोखून निपचित पडायचं. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत एकाच दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. जखमींचे हाल तर विचारूच नका. आपला सोबती समोर तळमळतोय आणि त्याला आणायला जावं, तर आपलाही जीव जायचा.

तरीही कुणी तरी जातच असे. दुसऱ्या महायुद्धात असाच एक जण गेला, तो आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. शिपाई नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्री, वय अवघं २३.

९ एप्रिल १९४५. इटलीतली सेनिओ नदी. पात्र लहान, पण दोन्ही काठांचे बांध तीस फुटांपर्यंत उंच. बांध पोखरून जर्मनांनी मोर्चे बांधलेले, वर सुरुंग पेरलेले. नामदेवराव कंपनीचे निरोप्ये होते. कंपनी कमांडरबरोबरची छोटी तुकडी नदी ओलांडून पलीकडे पोचताच मशीनगनचा मारा सुरू झाला. कमांडर आणि दोघे जवान जखमी झाले. बाकीचे ठार झाले. धड उरले ते एकटे नामदेवराव.

त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून नेलं, उभा बांध चढून सुरुंगांमधून सुखरूप पोचवलं. मग पुन्हा गेले आणि दुसऱ्यालाही आणलं. दोन्ही वेळा गोळ्यांचा पाऊस सुरूच होता. त्यानंतर तिसऱ्यांदा गेले ते शत्रूवर. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब घेऊन धावले. मशीनगनचे तीन मोर्चे त्यांनी एकट्याने बंद पाडले. मग बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले.

मोर्च्यापर्यंतच्या उघड्या जमिनीची किंमत आमच्या भिलाईनेही मोजली आहे. इथले नायक कौशल यादव २५ जुलै १९९९ रोजी कारगिलमध्ये झुलू टॉपवरच्या चढाईत शहीद झाले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

मुलांना शौर्यकथा सांगताना शत्रूचे किती मारले, हेच आपण आधी सांगतो. नामदेवरावांची गोष्ट मात्र क्रमानेच सांगायला हवी. सूड घ्यायला जाण्याआधी त्यांनी दोन माणसं वाचवली होती.