मकर आणि मकरंद

माझं बारसं 25 जानेवारी 1962 ला झालं, आणि ते घाईत उरकलं. घाईचं कारण अष्टग्रही. फेब्रुवारीच्या 3 ते 5 तारखेला आठ ग्रह मकर राशीत गोळा होणार आणि जग बुडणार, अशी हाकाटी देशभर उठली होती. ठिकठिकाणी यज्ञ चालले होते. आमची आज्जी यज्ञाच्या भानगडीत पडली नाही. "जग बुडायचं तर बुडू दे, पोर बिननावाचं जायला नको," म्हणाली आणि बाराव्या दिवशी पाळणा बांधून मोकळी झाली.

जन्म 14 जानेवारीचा, रविवारचा, ऐन संक्रांतीचा. आणि सोलापूरचा. खरं तर पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी, पुण्यात व्हायचं. पण 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि तिचं नारायण पेठेतलं माहेर गाळात गेलं. आजी-आजोबा कुणाच्या तरी माडीवरच्या एका खोलीत राहत होते. तिथे बाळंतिणीची खाट कुठे टाकणार? म्हणून मी सोलापुरात जन्मलो. पुण्यात जन्मलो असतो तर माझं नाव मकरंद असतं.

ते नाव आईने सुचवलं होतं. संक्रांतीचा मुलगा, नावात मकर तर हवा, पण ऐकायला गोड हवं, असा तिचा हिशोब. मकरंद म्हणजे फुलातला मध, त्याचा मकर राशीशी काडीचा संबंध नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगणाऱ्या सणाला एवढी शब्दाची लबाडी शोभून दिसते, असं मला आजही वाटतं. बाबांना नाही वाटलं. "मकर म्हणजे मगर," ते म्हणाले. "पोराला मगर म्हणून हाक मारायची का?" विषय संपला.

तसाही तो सुरू झालाच नव्हता. सोलापुरात संक्रांतीला मुलगा झाला की त्याचं नाव काय ठेवायचं, हे घरातल्यांनी ठरवायचं नसतं. गावाने ते आठशे वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय.

सोलापूरची संक्रांत म्हणजे गड्डा. सिद्धेश्वराची यात्रा. बाराव्या शतकातले सिद्धराम बसवेश्वरांच्या काळचे शरण. त्यांनी तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. योग्याने लग्न कसं करावं? मग त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं. ते लग्न सोलापूर अजून दरवर्षी लावतं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात उंच नंदीध्वज कमरेवर तोलत निघतात. आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेल, भोगीला संमती कट्ट्याजवळ अक्षता, आणि संक्रांतीच्या संध्याकाळी होम. त्या होमात कुंभारकन्या सती जाते. काल लग्न, आज चिता. लहानपणी मला हे फार भराभर झाल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम बघताना मात्र सगळं विसरायला व्हायचं.

माझा जन्म त्या होमाच्या संध्याकाळचा. नंदीध्वज होम मैदानाकडे निघालेले आणि आमची सुईण त्या गर्दीत अडकलेली. ती पोचली तोवर मी पोचलो होतो. अशा पोराला सिद्धाराम सोडून दुसरं काय म्हणणार?

आमच्या वर्गात चार सिद्धाराम होते, शिवाय दोन सिद्धेश्वर आणि एक सिद्धप्पा. हजेरी घेताना मास्तर वैतागायचे. मग आम्हाला आडनावांनी, गल्लीच्या नावांनी ओळखायला लागले. मी 'गिरणीचा सिद्राम', कारण बाबा कापडगिरणीत होते. आमच्यातला एकच जण जानेवारीतला नव्हता. तो नवसाचा होता आणि आम्ही सणाचे त्याला जरा कमी लेखायचो.

हे नाव घेऊन मी पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुम्ही कानडी का?" दुसरा प्रश्न बहुधा येतच नसे. वसतिगृहात माझा सिड झाला, कचेरीत नुसती आद्याक्षरं उरली. 2013 साली कर्नाटकात सिद्धरामय्या मुख्यमंत्री झाले, तेव्हा कुठे पुण्यातल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर माझं नाव मी वाचलं, तेही शेपूट लावलेलं. सोलापुरात ज्या नावाला ओ द्यायला चौघे उभे राहायचे, तेच नाव पुण्यात प्रत्येक वेळी जन्मकथेसकट सांगावं लागायचं. मी संक्रांतीचा, असं सांगितलं की लोक हसायचे. आपल्या भाषेत संक्रांतीचा असणं ही काही मिरवायची गोष्ट नाही.

संक्रांत येते, ओढवते, कोसळते. वर्षातला सगळ्यात गोड बोलायचा सण, आणि त्याचं नाव मात्र संकटाला दिलेलं. पंचांगात तिचं वाहन असतं, उपवाहन असतं, ती कुठल्या रंगाचं वस्त्र नेसली आहे, काय खाते आहे, कुठल्या दिशेला बघते आहे, सगळं छापलेलं असतं. ती जिकडे बघेल तिथल्यांचं काही खरं नाही, जे वापरेल ते महागणार. "यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे," असं एकदा कळलं की कपाटातल्या पिवळ्या साड्यांना महिनाभर तुरुंग. त्यामुळे दसऱ्याला, गोकुळाष्टमीला, दत्तजयंतीला झालेल्या पोरांना सणाचं नाव उघड्यावर मिळतं, चंपाषष्ठीचा मल्हारी होतो. संक्रांतीच्या मुलाला ते आडवाटेने द्यावं लागतं. सोलापूरची वाट सिद्धेश्वराच्या देवळावरून जाते, आईची फुलातून गेली.

माझी मुलगी एप्रिलमध्ये झाली, तेव्हा असला काही प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो नात झाली तेव्हा. 14 जानेवारी 2024. पुन्हा रविवार. फोनवर फोन, "आजोबा, अगदी तुमच्या दिवशी! संक्रांतीलाच!" मी पेढे घ्यायला निघालो आणि सवयीने पंचांग उघडलं. संक्रांत 15 तारखेला होती. सूर्य मकरेत 15 च्या पहाटे शिरणार होता. आमची बाई भोगीची निघाली.

आता भोगीवरून काय नाव ठेवणार? बाजरीची भाकरी?

एरवी मी असल्या गणितात पडत नाही, पण नातीसाठी पडलो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाची, इंग्रजी तारीख ऋतूंच्या हिशोबाची. दोन्हींत वर्षाला वीसेक मिनिटांचा फरक, म्हणजे साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. संक्रांत अशी हळूहळू पुढे चालली आहे. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची तारीख आहे 12 जानेवारी 1863. पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार तिथूनच आला, असं मी चारचौघांत छातीठोक सांगत आलो होतो. त्या साली संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. आणि सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो तर 21-22 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या तोंडावर.

हे जेवताना बोललो आणि पस्तावलो. जावयांनी लगेच मोबाइलमधून नाव काढलं: नताशा. त्यांचं चूक नव्हतं. आपला नाताळ पोर्तुगीजांकडून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जन्म आहे, आणि नोएल, नताल्या, नताशा ही सगळी त्याच घरातली पोरं. आपल्याकडच्या किती नताशांच्या आईबापांना आपण मुलीचं नाव नाताळ ठेवलंय हे माहीत असेल, कोण जाणे. हिने मात्र भाजी वाढता वाढता सांगितलं, "भोगीची पोर आहे, नाताळची नाही."

मग याद्या झाल्या. उत्तरायणातली म्हणून उत्तरा. पण अभिमन्यूची उत्तरा आठवून सगळे गप्प झाले. सिद्धी, त्यांच्या सोसायटीत तीन आहेत म्हणे. चार सिद्धारामांच्या वर्गातून आलेल्या माणसाला हे कारण पटणं कठीण, पण मला कुणी विचारलं नाही. शेवटी मुलगी म्हणाली, "तिलोत्तमा." विश्वकर्म्याने जगातल्या प्रत्येक सुंदर वस्तूतून तिळातिळाएवढं काढून घडवली ती. हिला ते पसंत नव्हतं. "सुंद-उपसुंद तिच्यापायीच एकमेकांना मारून मेले ना? सख्खे भाऊ!" मुलीचं म्हणणं, ती त्या भावांची अक्कल. मला त्यातला तीळ आवडला. सिद्धेश्वराने गाठलं नाही, मधाने फसवलं नाही, तिळाने जमवलं.

बारशाला आत्या नागपूरहून आली. पाळण्याखालून गोप्या घ्या, गोविंद घ्या झालं. आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाधप बुक्के खाल्ले, घुगऱ्या वाटल्या गेल्या.

आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. मला ती अजून मकरंद म्हणते, पण कुणी आसपास नसताना. बाबा असेपर्यंत त्यांच्यासमोर कधीच म्हणाली नाही. माझ्या बारशाला आत्या यायच्या आधी, पहाटे, तिने पाळण्यात वाकून ते नाव सांगून टाकलं होतं, हे मला मुंजीच्या वयात डोक्याला तेल लावता लावता कळलं.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा ती काठी टेकत उठली. पाळण्याशी गेली, एक हात कडीवर ठेवून वाकली, बराच वेळ वाकून राहिली. मी धरायला गेलो.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझ्या वेळेला सांगितलं होतं का कुणाला?" ती म्हणाली, आणि जेवायला कुठे बसायचं ते विचारायला लागली.