नूरा कुस्ती

यंदा मे महिन्यात नातू पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आला होता. आठवीची परीक्षा देऊन. पहिल्याच रात्री जेवताना त्याने बापाला फोन लावला आणि विचारलं, "बाबा, जुन्या रेसलिंगमधल्या बघायलाच पाहिजेत अशा मॅचेस कुठल्या? मला यादी हवीय."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून दोन क्षण काहीच आवाज आला नाही. मग आमचे चिरंजीव म्हणाले, "माझ्याकडे अख्खी वही होती रे. तिचं काय झालं ते आजोबांना विचार." आणि हसले.

मीही हसलो. घास मात्र तोंडातच घोळत राहिला.

ती वही मी फाडली होती. जून १९९७ मध्ये.

सांगतो. पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, कुस्तीचं वेड. कराडकडचं आमचं गाव, आबा तालमीत वाढलेले. यात्रेच्या मैदानाला मला खांद्यावर बसवून न्यायचे. दुपारी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग रुपया-दोन रुपयांच्या, आणि दिवस कलायला लागला की एक नंबरची जोड. हलगीचा ठेका वाढायचा, पैलवान शड्डू ठोकायचे. पण जोड नुसतीच खडाखडी करत राहिली, की मागून आरोळी यायची, "नूरा हाय, नूरा!" नूरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. आबांच्या लेखी त्याहून मोठी शिवी नव्हती. दारासिंग अस्सल पैलवान, १९५४ सालचा रुस्तम-ए-हिंद. पण मुंबईत तो किंग काँगबरोबर फ्रीस्टाइल खेळायचा, त्या बातम्या मी पेपरातून मोठ्याने वाचायला लागलो की आबा म्हणायचे, "ठेव तो पेपर. नूरा हाय ती." मे १९६८ मध्ये मुंबईत त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. आख्खा देश खूश झाला. आबांचा शेरा तोच.

हा शब्द मला असा वारशात मिळाला. पुढे मी मास्तर झालो. १९९० नंतर मुलांच्या दप्तरांत डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं यायला लागली. पत्त्यांसारखी, मागे पैलवानाची उंची, वजन. माझ्या टेबलाच्या खणात जप्त कार्डांचा ढीग साठला होता. प्रत्येक जप्तीबरोबर वर्गाला तेच व्याख्यान, की हे सगळं खोटं आहे, आधी ठरलेलं आहे. पोरं मुकाट्याने मान डोलवायची. त्यांना हे माझ्या आधीपासून ठाऊक असेल, अशी शंकाही मला कधी आली नाही!

घरातही तेच. चिरंजीव बारावीला होते तेव्हा जानेवारीतच मी केबल काढून टाकली. जूनमध्ये निकाल लागला. गणितात ३१. मी तरातरा त्याच्या कपाटाकडे गेलो, आणि गणिताच्या पुस्तकांखाली ती वही सापडली. दोनशे पानी. पट्टीने रेघा मारून रकाने आखलेले. तारीख, गाव, कोण विरुद्ध कोण, कोण जिंकलं, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. हा रकाना माझ्याकडूनच उचललेला होता. मी तो वाचलाच नाही. त्याच्यासमोर वही उभी फाडली आणि म्हणालो, "तुझी कुस्ती नूरा, आणि तुझा अभ्यासही नूरा."

तो काही बोलला नाही. ऑक्टोबरला पास झाला, डिप्लोमा केला, आज चाकणला चांगल्या हुद्द्यावर आहे. माझ्याशी नीट वागतो, औषधं आणून देतो. पण त्या दिवसानंतर त्याला काय आवडतं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

असो. तर त्या रात्री नातवाला मी वहीची हकीकत सांगितली. न लपवता. तो विचारात पडला आणि मग म्हणाला, "मग आता तुम्हीच करून द्या यादी. मी लावतो, तुम्ही बघा." शिक्षा रास्त होती.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग भरू लागला. दुपारी जेवणं झाली की तो टीव्हीवर यूट्यूब लावायचा. चष्मा पुसून मी शेजारी. स्वयंपाकघरातून अधूनमधून "काय चाललंय हे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी!" असा शेरा.

तिसऱ्या दिवशी त्याने मला पेचात पकडलं. "आजोबा, खरी कुस्ती नेहमी चांगली असते का?" मला आबांनी सांगितलेली गामाची गोष्ट आठवली. १० सप्टेंबर १९१०, लंडन. समोर पोलंडचा झबिस्को. गामाची ताकद बघून हा गडी मॅटवर जो पालथा पडला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ! शेवटी बरोबरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढत होती, तिला झबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. कुस्ती शंभर नंबरी खरी. पण त्या दिवशी तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या पदरात काय पडलं? अमेरिकेत १९२० च्या आसपास कुस्ती भरवणाऱ्यांनी नेमका हाच विचार केला. वेळेची मर्यादा घातली, बघायला झकास दिसतील असे डाव आणले आणि निकाल आपल्या हातात घेतला. पुढे त्यातूनच हा सगळा खेळ वाढला.

मग मी नातवाला म्हटलं, यादी करायची तर निकष हवेत. (मास्तरकी सुटत नाही.) तीन ठरले. एक, आधीची काही माहिती नसलेल्यालाही कुस्ती समजली पाहिजे. दोन, हरणारा बघण्यासारखा पाहिजे, कारण जिंकणारा कोण ते आधीच ठरलेलं असतं. तीन, दोघंही आपल्या पायांनी बाहेर गेले पाहिजेत.

तिसऱ्या निकषावरून आमचं भांडण झालं. त्याला यादीत पहिली हवी होती ती २८ जून १९९८ ची पिट्सबर्गची, अंडरटेकर आणि मिक फोलीची. सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून फोली खाली टेबलावर फेकला जातो. तो पुन्हा वर चढतो, आणि या वेळी टपाची जाळी तुटून थेट आत कोसळतो. हे दुसरं पडणं ठरलेलं नव्हतं. नातू म्हणाला, "बघा, हे तर खरं आहे ना?" मी टीव्ही बंद करायला सांगितला. जन्मभर खरं पाहिजे, खरं पाहिजे म्हणून ओरडणारा मी, आणि खरं समोर आल्यावर मला बघवेना. हा फोली मोठा अजब माणूस. पुढच्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं, शेकडो पानं त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्याच्याबद्दल आदर आहे. पण ती कुस्ती यादीत नाही.

नातवाने खलीचंही नाव सुचवून पाहिलं. आपला हिमाचलचा दलीपसिंग राणा, २००७ मध्ये जागतिक विजेता झाला. अभिमान वाटतोच. पण नुसत्या अभिमानाला मी मार्क देत नाही.

तर आमची यादी. पाचच ठेवल्या.

पहिली, आंद्रे द जायंट आणि हल्क होगन. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पाँटिॲक. बघायला ९३,१७३ माणसं होती असं कंपनी सांगते, त्यावर वाद आहे. कुस्ती म्हणून खरं तर संथ. पण आंद्रेकडे बघा. तो आजाराने वाढलेला देह, पाठीचं ऑपरेशन झालेलं, चालतानाही त्रास. शेवटी होगन त्याला उचलून आपटतो तेव्हा स्टेडियम वेडं होतं. सव्वादोनशे किलोंहून जड मानलेला माणूस मनात असल्याशिवाय कुणाला उचलू देईल का? होगनला मोठं करण्यासाठी तो पडला. आंद्रे १९९३ च्या जानेवारीत गेला, होगन २०२५ च्या जुलैमध्ये.

दुसरी त्याच संध्याकाळची, रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट. सुमारे पंधरा मिनिटं डोळ्याचं पातं लवत नाही. या सॅव्हेजने कुस्ती आधी कागदावर उतरवली होती, कुठल्या डावानंतर कुठला, क्रमाने. दोघांनी ती पाठ केली होती. हे नातवाने सांगितलं आणि मी उडालोच. अहो, ही तर आमची पाठ टाचणाची वही! तास सुरू होण्याआधी शेवट ठरलेलाच असतो, तरी वर्ग रंगतो किंवा पडतो. कीर्तनालाही आपण रावणाचं काय होणार ते कळावं म्हणून थोडेच जातो!

तिसरी, ब्रेट हार्ट आणि ओवेन हार्ट. २० मार्च १९९४, न्यूयॉर्क. सख्खे भाऊ. कॅल्गरीच्या घरात बारा भावंडं, बापाने तळघरात तालीम काढलेली, ओवेन सगळ्यांत धाकटा. मोठ्याने टाकलेल्या डावावरच बसून धाकटा जिंकतो. पुढे २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत, छतावरून दोराने खाली उतरण्याच्या प्रकारात ओवेन पडून गेला. चौतीस वर्षांचा होता. हे कळल्यावर ती कुस्ती पुन्हा लावली, तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो.

चौथी, ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन. २३ मार्च १९९७, शिकागोजवळ. अट अशी, की जो शरण येईल तो हरला. ब्रेट सज्जन म्हणून आला होता, ऑस्टिन दुर्जन म्हणून. शेवटी ऑस्टिन पालथा, पाय ब्रेटच्या पेचात, कपाळावरून रक्त वाहून दात लाल झालेले. (रक्त खरं. लपवलेल्या पात्याने केलेली जखम.) पंच विचारतो, सोडतोस? तो नाही म्हणतो. नाहीच म्हणत राहतो आणि बेशुद्ध पडतो. ब्रेट जिंकला. पण त्यानंतरही तो पडलेल्याला मारत राहिला, आणि लोक त्याच्यावरून उठले. ऑस्टिनने कुणाची मदत घेतली नाही, लंगडत स्वतःच्या पायांनी गेला, आणि सगळा जयघोष त्याच्यामागे गेला.

ती कुस्ती मी तीनदा बघितली. खरं सांगू? पहिल्या वेळी मला ब्रेटच दिसत होता. बरोबर असलेला, नियमाने जिंकलेला, आणि तरीही पडलेल्या पोरावर हात चालवणारा. तारीख मी नंतर नीट वाचली. मार्च १९९७. आमच्या घरी केबल नव्हती तेव्हा.

पाचवी, रिक फ्लेअर आणि शॉन मायकल्स. ३० मार्च २००८, ऑर्लँडो. फ्लेअर एकोणसाठ वर्षांचा, हरला तर निवृत्ती. रडत, मुठी वळून उभा, "ये, मार" म्हणतो. मायकल्स ओठांनीच त्याची माफी मागतो, प्रेम आहे म्हणतो आणि लाथ घालतो. मला माझी शाल आणि श्रीफळ आठवलं. पुढे फ्लेअर पुन्हा खेळायला लागला, अगदी २०२२ पर्यंत! निवृत्तीनंतर शिकवण्या घेणारे आमचेही काही मित्र आहेतच.

नातू परत जाताना मी एक दोनशे पानी वही आणली. पट्टीने रकाने आखले. तारीख, गाव, कोण विरुद्ध कोण, कोण जिंकलं. पाच कुस्त्या लिहिल्या. 'शेरा' हा रकाना मोकळा ठेवला आणि नातवाला म्हटलं, "हे बाबाला दे. म्हणावं, हा भरून पाठव."

बरेच दिवस काही नाही. मग गणपतीला चिरंजीव आले तेव्हा पिशवीतून वही काढून माझ्यासमोर ठेवली. सगळे शेरे भरलेले. दोन ठिकाणी लाल पेनाने माझी दुरुस्ती केली होती. स्टीमबोटचं स्पेलिंग आणि एक तारीख.

चौथ्या कुस्तीपुढे लिहिलं होतं, "हरला, पण शरण गेला नाही."

"अण्णा, त्या जुन्या वहीतली शेवटची नोंद हीच होती," तो म्हणाला. "न बघताच लिहिलेली. मित्राने वर्णन करून सांगितली होती. बघितली नंतर हॉस्टेलवर, किती तरी वर्षांनी."

मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच. अठ्ठावीस वर्षं लागली त्याला.

तो "असू दे हो" म्हणाला आणि रिमोट उचलला. रात्री आरतीनंतर आम्ही तिघं ती कुस्ती बघायला बसलो. आमची ही मोदकांचं ताट घेऊन आली, दोन मिनिटं उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाली, "खोटं असतं ना हे सगळं?"

तिघंही एकदमच म्हणालो, "हो."