गाऱ्हाणे

पेडण्याकडील आमच्या गावी जत्रेच्या दिवशी देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची चाल आहे. वडील मानकरी हाती नारळ घेऊन उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने मागणे मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्यापाठोपाठ मागचा जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. लहानपणी मला हा सारा प्रकार फार भव्य वाटे. पुढे वकिली करू लागल्यावर तो ओळखीचाही वाटू लागला. कारण दाव्याचा अर्ज म्हणजे तरी दुसरे काय? एकाला मुद्रांक लागतो, दुसऱ्याला नारळ. परंतु त्या ‘व्हय’मध्ये बायकांचा आवाज कधीच नसतो, ही गोष्ट चाळिशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती, हे येथे कबूल केलेले बरे.

ती ध्यानात आली एका प्रकरणामुळे. गावातील एक तरुण स्त्री नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली होती. तिला काय उपाय उपलब्ध होते ते मला पाठ होते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ सालचा कायदा तिला संरक्षणाचा हुकूम देऊ शकत होता. त्याच घरात राहण्याचा हक्कही देऊ शकत होता. पण मी देवस्थानच्या समितीवर होतो. वडीलधारे म्हणाले, घरची गोष्ट कोर्टात कशाला, देवासमोर मिटवू. मलाही ते पटले. किंबहुना मला त्यात काही सात्त्विक, आपल्या मातीतले असे वाटले. नवऱ्याने नारळावर हात ठेवून शपथ घेतली. समेटाचा कागद मीच लिहिला. त्याची भाषा निर्दोष होती.

दहा महिन्यांनी ती माझ्या कचेरीत आली तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बरोबर तिची मावशी होती. मी काहीतरी खेदाचे बोलू लागलो, तेव्हा मावशीने मला मध्येच थांबवले. ‘‘वकील बाब, त्या दिसा आमकां कोणें विचारलें?’’ एवढेच ती म्हणाली. खरेच होते. सभामंडपात आम्ही नऊ पुरुष बसलो होतो. ती दोघी बाहेर तुळशीवृंदावनापाशी उभ्या होत्या आणि निकाल त्यांना बाहेर नेऊन सांगण्यात आला होता.

अर्ज दाखल झाला, हुकूमही मिळाला. पण मावशीचा प्रश्न काही केल्या मिटेना. त्याच पावसाळ्यात लीमा ग्बोवी या लायबेरियन स्त्रीवरील २००८ सालचा माहितीपट पाहण्यात आला, आणि मग तिच्याविषयी जे मिळेल ते मी वाचत गेलो. पश्चिम आफ्रिकेतील हा लहानसा देश १९८९ पासून २००३ पर्यंत, मधल्या थोड्या विसाव्याचा अपवाद सोडल्यास, यादवीत होरपळला. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेली असे मानतात. मन्‌रोव्हिया शहरातील सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे लोकांना जुलै १९९० मध्ये सरकारी सैनिकांनीच ठार केले. देवाच्या दारी गेलेला माणूस वाचतोच असे नाही, हे त्या लोकांना आपल्याहून अधिक ठाऊक आहे. आणि तरीही त्या स्त्रियांचे पहिले संमेलन भरले ते याच चर्चमध्ये.

ग्बोवी स्वतः घरात मार खाल्लेली बाई. लुथरन चर्चच्या मनोपचाराच्या कार्यात ती १९९८ च्या सुमारास शिरली. ज्या पोरांच्या हाती लढवय्यांनी बंदुका दिल्या होत्या त्यांना माणसांत आणण्याचे काम तिने केले. २००२ साली चर्चमधील सभेत असाटू बा केनेथ ही मुसलमान पोलीस अधिकारी उठून उभी राहिली आणि आपणही आपल्या भगिनींना घेऊन येऊ असे तिने सांगितले. सर्वांनी एकदम गळामिठी घातली असे समजू नये. परधर्मीयांशेजारी बसून प्रार्थना करावी की नाही, यावरून ख्रिस्ती स्त्रियांत बरीच कुरबूर झाली. शेवटी त्यांना पटले ते इतकेच, की गोळी धर्म विचारून लागत नाही.

एप्रिल २००३ पासून या बायका मासळीबाजाराजवळच्या मैदानात, जेथून राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांची गाडी रोज जाई तेथे, उन्हापावसात बसू लागल्या. अंगावर पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे फडके, दागिना नाही. बायबलातील एस्तेर राणीच्या व्रताचे स्मरण त्यामागे होते. मला मात्र ती चित्रे पाहताना आपल्या घरातल्या त्या वृद्धा आठवल्या, ज्यांचे पांढरे लुगडे हे व्रत नसून शिक्षा होती. तोच रंग, पण एकीकडे तो निवडलेला आणि दुसरीकडे लादलेला. काही काळ पतिसंगाचा त्याग करण्याचीही प्रतिज्ञा त्यांनी केली होती, आणि वृत्तपत्रांनी तिचाच गाजावाजा अधिक केला. तिचा प्रत्यक्ष परिणाम थोडाच झाला, असे ग्बोवीने स्वतःच पुढे सांगितले आहे.

जूनमध्ये घानात तहाच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि आठवड्यांमागून आठवडे लांबल्या. प्रतिनिधी हॉटेलात, तोफा मन्‌रोव्हियात. जुलैमध्ये सुमारे दोनशे स्त्रिया एकमेकींच्या हातात हात गुंफून सभागृहाच्या दाराशी बसल्या. करार झाल्याखेरीज कोणी बाहेर पडायचे नाही. पहारेकरी ग्बोवीला अटक करण्यास आले आणि म्हणाले, तू न्यायाच्या कामात अडथळा आणते आहेस. ‘न्याय’ हा शब्द ऐकताच तिचा संताप अनावर झाला. तिने तेथेच अंगावरची वस्त्रे उतरवण्यास आरंभ केला. आईसारख्या स्त्रीने आपल्यापुढे विवस्त्र व्हावे, हा त्या मुलखात घोर शाप मानतात. पुरुष मागे हटले. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अबुबकर यांनी मग त्यांचे म्हणणे ऐकून घेतले.

माझ्या पेशाच्या माणसाने इतके ओझे एका प्रसंगावर टाकू नये. टेलर यांनी ११ ऑगस्ट २००३ रोजी पद सोडले त्यामागे बंडखोरांची आगेकूच होती, परराष्ट्रांचा दाब होता, सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने उघड केलेले आरोपपत्र होते. १८ ऑगस्टला तह झाला. टेलर यांना २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओनमधील अपराधांबद्दल. स्वदेशातील अपराधांबद्दल नव्हे. पण तहाच्या त्या टेबलाशी ज्यांना कोणी बोलावले नव्हते, त्यांच्याकडे पाठ फिरवून उठणे त्या दिवसापासून अवघड झाले, एवढे निश्चित. २०११ साली ग्बोवीला शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मला अधिक रस वाटला तो पुढच्या, कमी गाजलेल्या भागात. तेथील स्त्री-वकिलांच्या संघटनेने बलात्काराच्या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा केला आणि ती दुरुस्ती २००६ साली अंमलात आली. २००८ साली अशा खटल्यांसाठी मन्‌रोव्हियात वेगळे न्यायालय निघाले. २००७ च्या आरंभी आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक स्त्रियांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तेथे गेली, आणि पाळीपाळीने २०१६ पर्यंत राहिली. केवळ स्त्रियांची अशी ती जगातली पहिलीच तुकडी. आपल्या मुलींनी तेथे पहारा दिला हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

खेड्यांतून युद्धोत्तर काळात ‘शांतिकुटी’ उभ्या राहिल्या. गावची भांडणे छपराखाली बसून मिटवण्याची तिकडे जुनी रीत होती, पण बसणारे बहुधा पुरुष. आता तेथे स्त्रिया बसतात. नवराबायकोचे तंटे, पोटगी, मारहाण ऐकतात. बलात्काराचे प्रकरण मात्र पोलिसांकडे जावे असा त्यांचा आग्रह असतो. हे वाचताना मी वहीत एक प्रश्न लिहून ठेवला. कोर्टाबाहेरचा समेट हा मुळातच वाईट, असे प्लास्टरमधला तो हात पाहिल्यापासून मी म्हणत आलो होतो. मग या बायकांचा समेट मला वाईट का वाटू नये? उत्तर पुरते सापडलेले नाही. एवढे दिसते, की आमच्या समेटात मार खाणारी बाहेर उभी होती आणि कायद्याची वाट आम्ही बंद करून घेतली होती.

गेल्या सभेत मी ठराव मांडला, की अशा बाबतींत भजनी मंडळातील पाच स्त्रियांनी ऐकून घ्यावे, आणि मारहाणीची तक्रार असल्यास समेट न लिहिता तिला आधी वकिलाकडे पाठवावे. एका वृद्ध महाजनांनी नियमावली दाखवली, महाजनकी पुरुषांची. मी म्हटले, महाजनकी मागत नाही, ऐकणे मागतो. दुसऱ्यांनी सुचवले, देवाचा कौल घ्यावा. तिसऱ्यांना घाई होती. ठराव पुढील सभेवर गेला.

मावशी मात्र थांबलेली नाही. सोमवारच्या पालखीला ती आता सभामंडपात, पुढच्या खांबाशी येऊन बसते. गेल्या दोन सोमवारी तिच्याबरोबर आणखी तिघी होत्या. त्यांना ‘उठा’ म्हणण्याचे धैर्य अजून कोणाला झालेले नाही.