‘घट्ट धर’ म्हणजे शिकवणं नव्हे

नवशिका कातळावर चढताना अडखळला की खालून हमखास ओरडा येतो, ‘घट्ट धर, घट्ट धर!’ हे मला अजूनही खटकतं. गाठी, हार्नेस, बिले (चढणाऱ्याला दोराने सांभाळणं) हे सगळं नीट शिकवलं जातं आणि ते शिकवायलाच हवं. पण ज्या बोटांनी कातळ धरायचा त्यांच्या वाट्याला एवढे दोनच शब्द. मग थोड्याच उंचीवर हात ‘पंप’ होतात, म्हणजे ताठरून थकतात, बोटं आपोआप उघडतात आणि निकाल लागतो : ‘हातात ताकद नाही.’ मुलींच्या बाबतीत तर हा निकाल जरा जास्तच लवकर लागतो. हा अन्याय आहे. पहिल्या काही महिन्यांत उणीव बहुधा ताकदीची नसते, पकडीची असते. आणि जे शिकवलंच नाही त्यात नापास कसं करता?

बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. त्यांच्या कंडरा बोटांच्या टोकांपर्यंत जातात आणि वाटेत कड्यांसारखे पट्टे त्यांना हाडाशी धरून ठेवतात. या पट्ट्यांना पुली म्हणतात. विहिरीवरचा दोर रहाटावरून जितका जास्त वळतो तितका आसावरचा भार वाढतो, इथेही तसंच. बारीक खाच दिसली की नवशिका मधले सांधे काटकोनाहून जास्त दुमडतो, टोकाचे सांधे उलटे वाकतात आणि अंगठा वरून दाबून बसतो. ही पूर्ण क्रिंप. तिच्यात बोटाच्या मुळाकडच्या पेरातल्या पुलीवर फार मोठा भार येतो. ती फाटली की कधी ‘टक्’ असा आवाजही येतो आणि मग बरं व्हायला आठवडेच काय, महिनेही लागतात. ‘ओपन हँड’ पकडीत बोटं आकड्यासारखी जरा वाकलेली राहतात आणि त्याच पुलीवरचा भार कितीतरी पटींनी कमी होतो. शिवाय स्नायू लवकर बळावतात, कंडरा आणि पुली मात्र सावकाश. म्हणजे ताकद वाढल्यासारखी वाटते तोच काळ खरा धोक्याचा. वाढत्या वयाच्या मुलांत तर बोटाच्या हाडाची वाढ होते ती जागाच सतत क्रिंप केल्याने दुखावू शकते. अशा मुलाचं बोट दुखू लागलं तर टेप गुंडाळून चढवू नका, चढणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

म्हणून नवशिक्याला ओपन हँड शिकवावी. यावर पहिला आक्षेप असा, की बारीक खाचेवर ओपन हँड सुटते आणि क्रिंप टिकते. सुरुवातीला तसं वाटतं खरं, पण नवशिक्याला इतक्या बारीक खाचांवर चढवण्याची घाई कशाला? आणि मधला मार्ग आहेच : हाफ क्रिंप. मधले सांधे काटकोनात, अंगठा मोकळा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सह्याद्री म्हणजे जिममधली भिंत नव्हे, इथे हात सुटला तर काय? मला तर सह्याद्रीच माझ्या बाजूने बोलताना दिसतो. आपला बेसॉल्ट थरांचा आहे. धरायला कंगोरे पुष्कळ, पण सुटे धोंडेही तितकेच. आधी ठोकून बघावं, पोकळ आवाज आला तर सोडून द्यावं, आणि वजन टाकायचं ते खालच्या दिशेने, स्वतःकडे ओढून नव्हे. भीतीने आवळलेल्या मुठीला यातलं काहीच सुचत नाही. शिवाय आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. म्हणून हात शक्य तितके सरळ, वजन पायांवर, आणि पकड पडणार नाही एवढीच.

हे सगळं पटत असूनही, क्रिंप शिकवूच नये असं जे मला वाटायचं त्यावर मी आता तितका ठाम नाही. पाय निसटताना माणूस क्रिंपच करणार. तेव्हा ती ओळखीची असलेली बरी. शेवटी शिकवावी, थोडी शिकवावी, पण शिकवावी. खालून ओरडणाऱ्याच्या पोटातही काळजीच असते, हेही कळतं. पण त्या काळजीची जागा कड्याच्या मध्यावर नाही. जमिनीपासून दोन फुटांवर, कातळाला धरून आडवं सरकत, एकेक पकड बोटांना समजावून देण्यात ती आहे. आणि तेवढा वेळ आपण अजूनही देत नाही.